लाइन फॉलोअर रोबो

लाइन फॉलोअर रोबो : पांढऱ्या पृष्ठभागावरील काळ्या पट्टीचा माग काढत आपली आपण चालणारी छोटी चाकांची गाडी. किटमधले सुटे भाग जोडून ती तयार करतात आणि तिच्यावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एका चिपमध्ये मावलेल्या छोट्या संगणकात, प्रोग्राम भरून ती चालवतात. शाळेतली मुले आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी रोबोटिक्सचा श्रीगणेशा बहुधा हिच्यापासूनच करतात.

पट्टी आपल्याला दिसते तशी या गाडीला दिसत नाही. तिच्या पोटाखाली पुढच्या बाजूला आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त) सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सरमध्ये अवरक्त प्रकाश सोडणारा एक एलईडी आणि परतणारा प्रकाश टिपणारा एक फोटोट्रान्झिस्टर अशी जोडी असते. पांढरा पृष्ठभाग बराच प्रकाश परत पाठवतो, काळा तो गिळतो. सेन्सरच्या छोट्या सर्किट बोर्डवरील एलएम३९३ ही चिप आलेल्या प्रकाशाची एका ठरावीक पातळीशी तुलना करून 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगते. ही पातळी निळ्या डबीतल्या इवल्याशा स्क्रूने बदलता येते. टीसीआरटी५००० हा नेहमीचा सेन्सर जमिनीपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास सर्वांत चांगला चालतो, पंधरा मिलिमीटरच्या पुढे त्याचा भरवसा राहत नाही. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. त्यामुळे सकाळी खोलीत नीट चाललेली गाडी दुपारी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या कवडशात शिरताच वेड्यासारखी वागू लागते, आणि बिचारा विद्यार्थी प्रोग्राममधली चूक शोधत बसतो.

किटमध्ये ॲक्रिलिकची चॅसी (गाडीचा सांगाडा), दोन गिअर मोटरी, दोन चाके, मोकळे फिरणारे एक कॅस्टर चाक, मायक्रोकंट्रोलर असलेला आर्डुइनो उनो बोर्ड, मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर, सेन्सर, सेल ठेवायचा होल्डर, जम्पर वायरी आणि पुडीभर स्क्रू असतात. चॅसीवरचा तपकिरी कागद केवळ संरक्षणासाठी असतो, हे अनेकांच्या लक्षात येते तेव्हा गाडी पुरी जोडून झालेली असते. पिवळ्या प्लॅस्टिकच्या मोटरींना आपल्याकडच्या बाजारात 'बीओ मोटर' म्हणतात, म्हणजे बॅटरी ऑपरेटेड. बहुतेकींच्या गिअरचे प्रमाण १:४८ असते, म्हणजे आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात हे भाग सुटेही मिळतात. तयार किटपेक्षा सुटे भाग निवडून आणणे जास्त शिकवून जाते, कारण तिथे कोणती मोटर, किती व्होल्ट, हे दुकानदाराला स्वतः सांगावे लागते.

गाडीला स्टिअरिंग नसते. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरली की ती सरळ जाते, एक मंदावले की त्या बाजूला वळते आणि दोन्ही परस्परविरुद्ध फिरली की जागच्या जागी गिरकी घेते. मोटरी दोन बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारख्या बसवलेल्या असतात. त्यामुळे पहिल्यांदा वीज दिल्यावर एक चाक पुढे आणि एक मागे जाणे हा जवळजवळ ठरलेलाच प्रकार आहे. अशा वेळी एका मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. ही चाचणी गाडी एखाद्या डब्यावर ठेवून, चाके अधांतरी धरून करावी. टेबलावरून पडलेल्या गाडीचा पहिला बळी सेन्सर असतो.

उनोच्या एका पिनमधून जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो. मोटरीला त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर हवा. उनो फक्त इशारा देतो, जड प्रवाह ड्रायव्हर वाहतो. एल२९८एन स्वस्त आणि चिवट आहे, पण जुन्या घडणीचा आहे. सुमारे दोन व्होल्ट तो स्वतःच खातो, त्यामुळे चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टमधले मोटरीपर्यंत जेमतेम ४ पोचतात. वेग बदलण्यासाठी उनो वीज झपाट्याने चालू-बंद करतो. प्रोग्राममध्ये त्यासाठी ० ते २५५ मधला आकडा द्यायचा. फार लहान आकडा दिला तर मोटर नुसती गुणगुणते, हलत नाही.

दोन सेन्सर पट्टीच्या दोन बाजूंना ठेवले की सर्वांत साधा प्रोग्राम तयार होतो. दोघांनाही पांढरे दिसले तर सरळ जा, डाव्याला काळे दिसले तर डावीकडे वळ, उजव्याला दिसले तर उजवीकडे. काळ्यावर सेन्सर १ देतो की ०, हे सेन्सरच्या मोड्यूलनुसार बदलते, म्हणून सेन्सरचे आकडे आधी सिरिअल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, पाहून मगच अटी लिहाव्यात. नवशिक्याची गाडी पट्टी सोडून पळते तेव्हा बरेचदा दोष 'डिले' या, प्रोग्रामला काही काळ थांबवून ठेवणाऱ्या आज्ञेचा असतो. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे २०.४ सेंटिमीटर भरतो. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ६८ सेंटिमीटर जाते. प्रोग्राममध्ये १०० मिलिसेकंदांचा डिले टाकला तर तेवढ्या वेळात ती ६.८ सेंटिमीटर आंधळेपणाने पुढे सरकते, आणि काळ्या चिकटपट्टीची रुंदी असते दोन सेंटिमीटरच्या आतली. वळणावर तिने पट्टी सोडली तर नवल नाही.

अशी गाडी चालते, पण नागमोडी. चाल गुळगुळीत हवी असेल तर सेन्सर पाच करतात आणि त्यांना डावीकडून -२, -१, ०, १, २ असे भार देतात. त्यांच्यावरून गाडी मध्यापासून किती सरकली हे एका आकड्यात मिळते. या 'चुकी'च्या प्रमाणात दुरुस्ती करायची, चूक किती झपाट्याने बदलते आहे त्यानुसार ती सौम्य करायची आणि साठत आलेली चूकही गरजेप्रमाणे मोजायची, ही पीआयडी (प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह) पद्धत. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूचा विचार करताना तिची गणिती मांडणी केली. छोट्या गाडीला तिसऱ्या घटकाची गरज सहसा पडत नाही. पहिला गुणक गाडी डुलू लागेपर्यंत वाढवायचा, मग दुसऱ्याने ते डुलणे जिरवायचे. ही जुळवाजुळव स्वयंपाकातल्या मिठासारखी आहे, पुस्तकातले प्रमाण दुसऱ्याच्या गाडीला लागू पडत नाही.

बिघाडांची यादी मोठी असली तरी तेच ते पुन्हा भेटतात. उनो आणि ड्रायव्हर यांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची टोके, एकमेकांना न जोडणे हा त्यांतला अग्रणी. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दुसरा. ती रेडिओसाठी ठीक, पण दोन मोटरींचा प्रवाह तिला झेपत नाही. मोटरी सुरू होताच व्होल्टेज कोसळते, उनो रीसेट होतो, मोटरी थांबतात, व्होल्टेज पुन्हा चढते, आणि गाडी गचके खात राहते. ब्लूटूथचे मोड्यूल ० आणि १ या पिनांना लावलेले राहिले की प्रोग्राम अपलोड होत नाही, कारण त्याच पिना संगणकाशी बोलायला वापरल्या जातात. सर्व्होची (ठरावीक कोनात वळणाऱ्या मोटरीची) लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामसंच, घेतली की ९ आणि १० या पिनांवरचे वेगनियंत्रण बंद पडते, हे तर ठाऊक असल्याशिवाय सापडणे कठीण. १८६५० हे लिथियम सेल ताकदवान असतात, परंतु त्यांचे शॉर्टसर्किट आगीला निमंत्रण ठरू शकते. शाळेत ते मोठ्यांच्या देखरेखीशिवाय देऊ नयेत.

स्वतः वाट शोधणाऱ्या गाड्यांची परंपरा संगणकशिक्षणापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी ही तीन चाकी 'कासवे' बनवली. निर्वात नळ्यांच्या जोरावर ती उजेडाकडे जात आणि आडकाठी आली की वळत. पुढे अमेरिकेतील एमआयटीमध्ये सीमोर पॅपर्ट यांनी लोगो या प्रोग्रामिंग भाषेने चालणाऱ्या जमिनीवरच्या कासवाला मुलांच्या हाती दिले. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे जन्मला. त्याचे नाव तिथल्या एका बारवरून आले, आणि बारचे एका राजावरून.

महाराष्ट्रात या विषयाला मोठा हातभार लावला तो मुंबई आयआयटीच्या ई-यंत्र या रोबोटिक्स-शिक्षणाच्या प्रकल्पाने. तिथली प्रयोगशाळा आणि नेक्स रोबोटिक्स यांनी मिळून घडवलेल्या फायर बर्ड ५ या रोबोवर देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी हात बसवला. त्याच्या पोटाखाली रेषेसाठी तीन सेन्सर आणि चाकांवर फेरे मोजणारे एन्कोडर होते. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यावर अशी किट शाळांतही पोचली.

स्पर्धेचे मैदान बहुधा फ्लेक्सवर छापून घेतात. चकचकीत फ्लेक्सवर काळी शाईदेखील चमकते आणि सेन्सर फसतो, म्हणून जाणते स्पर्धक मॅट फ्लेक्सचा आग्रह धरतात. पट्टी मध्येच तुटते, चौक येतात, काटकोनातली वळणे येतात. पट्टी सुटली की सगळ्या सेन्सरना एकच पांढरेपण दिसते, आणि कुठे वळायचे हे त्यांच्या त्या क्षणीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी पट्टी शेवटची कोणत्या बाजूला दिसली होती हे प्रोग्राम एका चलात (व्हेरिएबलमध्ये) जपून ठेवतो आणि ती पुन्हा सापडेपर्यंत गाडीला त्याच बाजूला वळवत नेतो.