डिस्चार्जच्या दिवशी निकाल लागत नाही

स्त्रीवरची शस्त्रक्रिया चांगली झाली की नाही, हे कशावरून ठरवायचं? गर्भाशय काढण्याचंच उदाहरण घ्या. गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या अगदी खालून मूत्रवाहिनी जाते. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे मूत्र नेणारी ही बारीक नळी गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असते, आणि पिशवी काढताना ती धमनी बांधून कापावीच लागते. त्या गडबडीत नळी टाक्यात अडकली किंवा भाजली, तर टेबलावर अनेकदा कळतच नाही. काही दिवसांनी कंबरेत कळा येतात, ताप चढतो, नाहीतर योनीमार्गातून मूत्र गळू लागतं.

आता दोन रुग्णालयं डोळ्यांसमोर आणा. एका ठिकाणी शस्त्रक्रिया संपवण्याआधी दुर्बिणीने मूत्राशयात पाहतात: दोन्ही मूत्रवाहिन्यांच्या तोंडांतून मूत्राची धार येते का? दुसरीकडे पाहत नाहीत. त्या दिवशीच्या नोंदीत पहिल्याच रुग्णालयाच्या नावावर जास्त इजा दिसतील, कारण तिथे त्या शोधल्या जातात. शिवाय सापडलेली इजा बहुतेकदा त्याच भुलेत दुरुस्तही होते. म्हणूनच नुसत्या आकड्यांवरून रुग्णालयांची क्रमवारी लावणं मला धोक्याचं वाटतं. आधीच्या सिझेरियनमुळे आतडी चिकटलेली बाई आणि पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होणारी बाई यांचा धोका एकाच तराजूत तोलता येत नाही.

काही गोष्टी मोजायला सोप्या आहेत. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं का? तीस दिवसांत जखमेत पू झाला का? त्या मोजाव्यातच. पण तेवढ्यावर थांबलं की फसगत होते.

गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सरस मानली जाई: चीर लहान, रक्तस्राव कमी, घरी लवकर. मग 2018 मध्ये 631 स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के होतं, तर दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या शस्त्रक्रियेत 86 टक्के. घरी जाण्याच्या दिवशी ज्या उजव्या ठरल्या असत्या, त्याच शस्त्रक्रिया इथे मागे पडल्या. (हे या कर्करोगापुरतं, साध्या गाठींसाठी दुर्बीण आजही उत्तम पर्याय आहे.)

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगत होते की प्रत्येक रुग्णाचा वर्षभर तरी मागोवा घ्या, आणि उपचार फसला असेल तर का फसला ते लिहा. स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत त्या नोंदीला आणखी दोन रकाने जोडायला हवेत. एक तिने स्वतः सांगितलेला: लघवीवर ताबा आहे का, संबंधांच्या वेळी दुखतं का. दुसरा शस्त्रक्रियेच्या आधीचा. अति रक्तस्रावासाठी पिशवी काढायचं ठरलं, तेव्हा गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं वापरून पाहिली होती का? एकही टाका न चुकलेली, पण गरजच नसलेली शस्त्रक्रिया फक्त या रकान्यात पकडली जाते.