घरातली बुरशी आणि तिची विषं (सोलापूर परिसर)

ओल्या भिंतीवर, साठवलेल्या धान्यावर, शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशी जी विषारी रसायनं तयार करतात त्या रसायनांना मायकोटॉक्सिन म्हणतात. प्रत्येक बुरशी विष करत नाही आणि जी करू शकते तीही दरवेळी करत नाही, ओल किती, ऊब किती, खायला काय मिळालं यावर ते ठरतं. सोलापूर पर्जन्यछायेतला कोरडा जिल्हा, पण सप्टेंबरातला पाऊस झोडपून काढतो आणि जुनी माळवदं (मातीची सपाट छपरं) तेव्हाच गळतात.

‘काळी बुरशी’ या नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. २०२१ मध्ये कोरोनानंतर ज्याला सगळे ब्लॅक फंगस म्हणत होते तो म्युकरमायकोसिस, तिथे बुरशी माणसाच्या शरीरातच वाढते आणि काळेपणा मेलेल्या मांसाचा असतो, भिंतीवरच्या डागांशी त्याचा संबंध जोडू नये. बाथरूमच्या कोपऱ्यातले काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलस. आणि ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून गाजलेली तिसरी, स्टॅकीबॉट्रिस, तिचं वर्णन कोर्डा या बुरशीच्या अभ्यासकाने १८३७ मध्ये प्रागमधल्या एका घराच्या वॉलपेपरवरून केलं. १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये बुरशी लागलेला पेंढा खाऊन घोडे दगावले तेव्हा तिचं विष लक्षात आलं. पुढे १९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडला तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला त्याचा ठपका हिच्यावर आला, पण २००० मध्ये तिथल्याच सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) पुन्हा तपासून पुरावा पुरेसा नाही असं सांगितलं. काही अभ्यासक अजून जुन्या मताचे आहेत. २००४ चा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा आणि २००९ चा जागतिक आरोग्य संघटनेचा आढावा मात्र जास्त सावध आहे आणि तोच धरून चालणं बरं वाटतं: ओलसर घराचा खोकला, घरघर, दमा यांच्याशी संबंध पक्का, श्वासातून गेलेल्या विषाने मोठा आजार होतो हे तितकं पक्कं नाही. शिवाय स्टॅकीबॉट्रिसला बरेच दिवस भिजलेला कागद-पुठ्ठा-प्लायवूड लागतं, चुना दिलेल्या दगडमातीच्या भिंतीवर तिला फार काही मिळत नाही, भिंतीला टेकवलेले खोके आणि प्लायच्या कपाटाची पाठ मात्र बघावी.

कुबट वास म्हणजे विष नव्हे. वास उडून जाणाऱ्या हलक्या रसायनांचा असतो, मायकोटॉक्सिन जड, ती बीजाणूंवर आणि धुळीवर बसून फिरतात. म्हणून नुसतं ब्लीच मारून बुरशी मेली तरी काम संपत नाही, मेलेले बीजाणूही अ‍ॅलर्जी देतात, पुसून काढावे लागतात आणि गळती थांबवावी लागते. भिंतीवरचा पांढरा थर मात्र पुष्कळदा बुरशी नसून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार असतो, चिमूटभर पाण्यात टाकून बघा, लोणा विरघळतो.

विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात भिजवलेलं पान ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं असतं, त्याच खोलीत तंबाखूची धूळ, तिथला खोकला एकट्या बुरशीवर टाकता येत नाही. दम्याच्या काही रुग्णांत अ‍ॅस्परजिलसची तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि एक्स-रेवरून तिला टीबी समजून औषधं सुरू होतात, हे आपल्याकडे फार होतं.

खरा धोका ताटातून येतो. अफ्लाटॉक्सिन हे अ‍ॅस्परजिलस बुरशीचं विष सापडलं ते १९६० मध्ये इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाऊन लाखाच्या वर टर्की मेल्या तेव्हा. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर, हिपॅटायटिस बी असेल तर धोका कितीतरी वाढतो. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर अवकाळीत भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरीने पोटात कळा, गुडगुड, जुलाब झाले, ते फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषाने. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीची, दाणा कोरड्या थंडीत भरतो म्हणून पांढरा राहतो. काळी पडते ती पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी, आणि स्वस्त म्हणून तीच गरिबाच्या घरात जाते.

शेंगा चटणीसाठी दाणे भाजले म्हणून अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही, भाजण्याआधी निवडणं हाच उपाय. सुपात पसरून सुरकुतलेला, काळपट, हिरवट-पिवळी पूड धरलेला दाणा बाजूला काढायचा, आमच्याकडे आई तो कोंबड्यांनाही टाकू देत नसे आणि ते बरोबरच होतं. बुरशी लागलेली पेंड म्हशीला घातली तर विष दुधात उतरतं, उकळून जात नाही. कायद्याने अफ्लाटॉक्सिनची धान्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम, दुधात ०.५ ही मर्यादा आहे.

पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात उतरून माणूस गेला की गावात ‘बुरशीचं विष चढलं’ म्हणतात. ते मायकोटॉक्सिन नाही. बंद पेवात दाणे आणि बुरशी श्वास घेतात, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. तोंड उघडून बराच वेळ वारा लागू द्यायचा, मग दोरीने पेटता दिवा खाली सोडायचा, तो विझला तर कोणी उतरायचं नाही, आणि आत कोणी पडला असेल तर त्याच्या मागोमाग उडी तर मुळीच घ्यायची नाही.