मुंबई पोलिसांचं जुनं दप्तर : काय टिकलं आणि का टिकलं

मुंबई पोलिसांचा शंभर वर्षांपूर्वीचा एखादा कागद हवा असेल तर पोलीस ठाण्याची पायरी चढून फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी काळा घोड्याला जावं लागतं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख विभाग आहे. १८२१ मध्ये सरकारी कागद सांभाळणारी कचेरी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत पोलिसांच्या कारभाराचा बराचसा टिकलेला इतिहास आहे, पण तो पोलिसांच्या नावाने लावलेला नाही. सुरुवातीचा काळ न्याय खात्याच्या बाडांत शोधायचा, पुढचा गृह खात्याच्या फायलींत. असं होण्याचं कारण साधं आहे. जो कागद ठाण्यातून वर सरकारकडे गेला तो टिकला. जो ठाण्यात राहिला तो मुदत संपल्यावर नष्ट झाला. या शहराच्या पोलिसी इतिहासात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे बरंचसं यावरच ठरलं आहे.

खात्याचा उगम साधारणपणे १६६९ पर्यंत मागे नेला जातो. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने भंडारी समाजातल्या माणसांची राखणदारांची फौज उभी केली. माहीम, शिवडी आणि शीव ही तिची ठाणी. पण त्या काळातलं स्वतंत्र पोलीस दप्तर असं काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात आणि बैठकांच्या इतिवृत्तांत जे विखुरलंय तेवढंच. अठराव्या शतकाच्या शेवटी मात्र तपशील दाट होऊ लागतो, आणि त्यामागे कर्तबगारीपेक्षा लाचखोरी जास्त आहे. १७८० मध्ये ‘डेप्युटी ऑफ पोलीस’ हे पद निर्माण झालं. त्यावर बसलेला पहिला माणूस जेम्स टॉड. १७९० मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालला आणि त्याला काढून टाकलं गेलं. वीस वर्षांनी, १८१० मध्ये, पोलीस सुपरिंटेंडेंट चार्ल्स ब्रिस्को याच्यावर तीच पाळी आली. त्याच सुमारास मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी सुपरिंटेंडेंटच्या हातातल्या मनमानी शिक्षांच्या अधिकारावर कडक आक्षेप घेतले. वाद झाला म्हणून पत्रं लिहिली गेली, टिपणं मागवली गेली, खुलासे झाले. सगळं सुरळीत चाललं असतं तर त्या काळाबद्दल आपल्याला यातलं निम्मंही कळलं नसतं.

१८३२ च्या जूनमधल्या कुत्र्यांवरून झालेल्या दंगलीचंही तसंच. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला, मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे ठरले, आणि त्यावरून कोटातल्या पारशी वस्तीत असंतोष पेटला. दंगल झाली नसती तर तो हुकूम कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

१८५७ ची गोष्ट निराळी आहे. चार्ल्स फोर्जेट हा तेव्हाचा पोलीसप्रमुख. जन्म हिंदुस्थानातला, देशी भाषा सहज बोलणारा. वेश बदलून वस्त्यांत फिरणं, सोनापूरजवळच्या गंगाप्रसादच्या घरी भरणाऱ्या शिपायांच्या गुप्त बैठका भिंतीला पाडलेल्या भोकांतून ऐकणं, ही कथा मुंबईच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन सैनिकांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं, हे निर्विवाद. पण भिंतीमागच्या त्या नाट्याचा मुख्य आधार म्हणजे फोर्जेटने स्वतः निवृत्तीनंतर लिहून १८७७ मध्ये छापलेलं पुस्तक. नायकाची गोष्ट नायकानेच सांगितली आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ती आहे त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ताडदेवच्या रस्त्याला फोर्जेटचं नाव आहे. त्या दोघांची आठवण आज आझाद मैदानापुरती.

१८६४ मध्ये फ्रँक सूटर पहिला पोलीस आयुक्त झाला आणि चोवीस वर्षं त्या खुर्चीत राहिला. या पुढच्या काळात शहर पोलिसांचे छापील वार्षिक अहवाल मिळू लागतात. कोष्टकांमागून कोष्टकं : चोऱ्या, घरफोड्या, अटका, शाबीत गुन्हे, परत मिळालेला माल. संशोधक त्यांच्यावर तुटून पडतात, पण ते जपून वाचावेत. चोऱ्यांचा आकडा वाढला म्हणजे चोऱ्या वाढल्या की नव्या साहेबाने नोंदणी सक्तीची केली, हे कोष्टक सांगत नाही. आजच्या आकडेवारीबद्दलही हीच तक्रार आहे.

मग येतात एस. एम. एडवर्ड्स. १९०९ ते १९१६ या काळातले आयुक्त, मूळचे आय.सी.एस., आणि त्याच सुमारास निघालेल्या मुंबई शहराच्या तीन खंडी गॅझेटिअरचे कर्ते. निवृत्तीनंतर, १९२३ मध्ये, त्यांनी मुंबई शहर पोलिसांचा १६७२ ते १९१६ असा इतिहास प्रसिद्ध केला. आज कुठेही मुंबई पोलिसांच्या इतिहासावर चार परिच्छेद वाचा, त्यातले तीन याच पुस्तकातून उतरलेले असतात, बहुधा न सांगता. पुस्तक चांगलंच आहे. जुनी कागदपत्रं त्यांनी खरोखर पाहिली होती आणि टॉड-ब्रिस्कोसारखी लाजिरवाणी प्रकरणं लपवली नाहीत. पण शेवटी ते आयुक्ताने लिहिलेलं खात्याचं चरित्र आहे, आणि ते संपतं लेखकाच्या स्वतःच्या कारकिर्दीपाशी. मोहरमच्या मिरवणुकांवर त्यांनी आणलेले निर्बंध त्यात यश म्हणून येतात. ज्या मोहल्ल्यांचे ताबूत थांबले त्यांनी ते कसं पाहिलं, हे दुसरीकडे शोधावं लागतं.

दप्तराचा सर्वांत श्रीमंत भाग गुन्ह्यांचा नाही, पाळतीचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सभेला पोलिसांचा माणूस हजर असायचाच. तो लघुलिपीत भाषण टिपायचा, त्याचा इंग्रजी गोषवारा व्हायचा, हजेरीचा अंदाज जोडला जायचा आणि तो वर पाठवला जायचा. या गोषवाऱ्यांची गुप्त संकलनं होत. संशोधकांच्या बोलण्यात ती ‘सीक्रेट ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणूनच येतात. गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायलींत संपाच्या, मोर्चांच्या, पत्रकांच्या नोंदी आहेत. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. गिरणगावातल्या सभांत कोण काय बोललं हे आज लिहिता येतं ते मोठ्या प्रमाणावर या फायलींमुळे.

स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने हेच कागद वेगळ्या हेतूने छापले. स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचे पहिले दोन खंड १९५७ आणि १९५८ मध्ये निघाले, आणि त्यातल्या दुसऱ्या खंडात टिळकांच्या हालचालींवरचे सरकारी व पोलिसी अहवाल पानोपानी आहेत. १९८२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीवरचा साधनखंड आला. त्यातही पोलिसांचे गोपनीय अहवाल आहेत : सभा कधी, कुठे, अध्यक्ष कोण, लोक किती, ठराव कोणते. ज्या सभांकडे तेव्हाच्या मोठ्या वृत्तपत्रांनी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांची नोंद घेणारा एकमेव परका माणूस कित्येकदा पोलिसांचा असायचा. पाळत ठेवणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्याने तारीख लिहून ठेवली.

१९४२ च्या काँग्रेस रेडिओचं उदाहरण तर याहून ठळक आहे. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटरवर भूमिगत प्रक्षेपण करत होते. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि पुढे उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पोलीस आधीपासून ते प्रक्षेपण ऐकून उतरवून घेत होते. ही उतरवलेली पानं होती पुराव्यासाठी. आज त्या केंद्रावरून काय बोललं गेलं हे वाचता येतं ते त्यांच्यामुळे.

अर्थात या नोंदींना मर्यादा आहेत, आणि त्या बारीक नाहीत. भाषण मराठीत, कागद इंग्रजीत. मधे टोमणा, म्हण, श्रोत्यांचं हसणं सगळं गळून जातं आणि उरतं ते कायद्याच्या कलमात बसेल असं वाक्य. १९१६ मध्ये टिळकांच्या बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी, मागितला गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायालयाने भाषणं तुकड्यांत नव्हे, समग्र वाचली आणि हुकूम रद्द केला. टिळकांना सोडवणारी ती नोंदही पोलिसांचीच होती. शिवाय पाळत नेत्यांवर असते. मंचावरच्या माणसाला नाव मिळतं, समोरच्या पाच हजारांना फक्त आकडा. संपात घर चालवणाऱ्या बायका या फायलींत क्वचितच भेटतात.

नेता नसलेल्या काहींची नावं मात्र पोलिसांनी चिकाटीने जपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे मुंबई इलाख्यातही पारध्यांसह अनेक जमातींच्या माणसांची नोंद गुन्ह्यासाठी नव्हे, जन्मासाठी झाली. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कायदा १९५२ मध्ये गेला आणि हे लोक कागदावर विमुक्त झाले. संशयाची सवय त्यानंतरही सुटली नाही, हे कुठल्याही पारधी वस्तीत विचारलं तर कळतं.

आता ठाण्याकडे येऊ. स्टेशन डायरी, एफआयआरचं पुस्तक, एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्यांचं) रजिस्टर, मुद्देमाल रजिस्टर, बंदोबस्ताची वही : शहराचं रोजचं जगणं खरं तर इथे लिहिलं गेलं. हरवलेलं मूल, नळावरचं भांडण, भाडेकरूने न दिलेला महिना, नवऱ्याची मारहाण. पण सरकारी अभिलेखांची वर्गवारी असते. ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच, ‘ड’ एक. रोजच्या वह्यांचं आयुष्य त्यात मोजूनमापून ठरलेलं. मुदत संपली की यादी होते, वरिष्ठांची मंजुरी येते आणि बाड निकाली निघतं. यात कट नाही. जागा नसते, वाळवी असते, आणि मुंबईचा पावसाळा असतो. पण परिणाम असा की १९३० च्या दशकातल्या एखाद्या कार्यकर्त्याने कुठे काय म्हटलं ते सापडतं, आणि त्याच वस्तीतल्या बाईने दिलेली तक्रार सापडत नाही.

ठाण्यातलं लेखन कधीकधी पोलिसांवरच उलटतं. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालाचा दुसरा खंड पोलीस ठाणेनिहाय लिहिला, आणि त्यासाठी ठाण्यांच्या नोंदी व जबान्या एकमेकांशी ताडून पाहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतर नियंत्रण कक्षाचे कॉल लॉग एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीने माहिती अधिकारात मिळवले, तेव्हा त्या रात्री मदत कधी मागितली गेली हा प्रश्न मिनिटांच्या हिशोबाने विचारता आला.

आता वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. गुन्ह्यांच्या नोंदी संगणकाच्या जाळ्यावर आणणाऱ्या, २००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पाने ठाणी जोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. ते चित्रण किती काळ ठेवायचं हेही आदेशातच आहे : अठरा महिने, आणि तेवढी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष.