सीबीटी म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार कर’ नव्हे

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, हा नैराश्यासारख्या त्रासांत विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारा मानसोपचार. ‘सीबीटी म्हणजे काय, वाईट विचार झटकायचे आणि चांगले आणायचे’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला तो टोमण्यासारखा लागतो, म्हणून हा खुलासा.

सीबीटीचा पाया घालणारे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक मुळात मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतले. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे त्या परंपरेतलं मत पडताळायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. त्यात राग नव्हे, तर हरल्याची, नाकारलं गेल्याची चित्रं सापडली. मग त्यांनी सिद्धांतच बदलला आणि १९६०च्या दशकात ही उपचारपद्धती आकाराला आली.

प्रत्यक्षात काय होतं? समजा, साहेबांनी मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. मनात येतं, ‘माझी नोकरी जाणार.’ थेरपिस्ट ‘छे, असं काही होणार नाही’ म्हणत नाही. कागदावर रकाने आखले जातात: काय घडलं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटतं, बाजूने पुरावा कोणता, विरुद्ध कोणता. मग दुसऱ्या दिवशी साहेबांना सरळ विचारून यायचं. भीती खरी निघाली, तर पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात. खोटा दिलासा कुठेच नसतो.

शिवाय यात कृतीचा वाटा मोठा. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन यांच्या गटाने उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. नुसती रोजच्या कामांची आखणी केलेल्या नैराश्यग्रस्तांनाही पूर्ण उपचारांइतकाच फायदा झाला. म्हणूनच कित्येकदा पहिला गृहपाठ विचारांचा नसतोच. सकाळी आंघोळ करून दहा मिनिटं बाहेर चालून यायचं, एवढाच असतो.