स्विफ्ट कोड आणि बीआयसी: एकाच कोडाला दोन नावं का?

दुबईहून किंवा अमेरिकेतून गावच्या खात्यात पैसे पाठवायचे म्हटलं की एका फॉर्मवर स्विफ्ट कोड मागतात, दुसऱ्यावर बीआयसी, आणि माणूस दोन वेगळे कोड शोधत बसतो. कोड एकच आहे.

आधी बँकांचे परदेशी मेसेज टेलेक्सवर, म्हणजे तारेवरून टाईप केलेला मजकूर पाठवणाऱ्या यंत्रावर चालायचे, प्रत्येक मेसेज खरा आहे का ते टेस्ट कीची, म्हणजे बँकांनी आपसात ठरवलेल्या गुप्त आकड्याची आकडेमोड करून ताडून बघायचे, त्यात वेळ जायचा आणि चुकाही व्हायच्या. म्हणून १९७३ ला १५ देशांतल्या २३९ बँकांनी बेल्जियममध्ये ‘स्विफ्ट’ नावाची सहकारी संस्था काढली, १९७७ ला नेटवर्क सुरू झालं. त्यावरचा बँकेचा पत्ता म्हणजे हा कोड. पुढे त्याचं ९३६२ नंबरचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, त्यात नाव बँक आयडेंटिफायर कोड, म्हणजेच बीआयसी, पण लोकांच्या तोंडी नेटवर्कचंच नाव बसलं ते बसलं.

गुंता वाढला २००९ ला. बँका नसलेल्या कंपन्यांनाही याच मानकात घेतलं, आणि बीआयसीतला ‘बी’ बँकेचा होता तो बिझनेसचा झाला. आद्याक्षरं तीच, त्यामुळे बदल झालाय हे कितीतरी जणांना कळलंच नाही, जुनं नाव आजही सर्रास दिसतं. माझ्या मते तेव्हाच सरळ नवं नाव द्यायला हवं होतं. शिवाय कोडात आठव्या जागी १ असला तर ती बँक नेटवर्कला जोडलेली नाही असा अर्थ असायचा, तो २०१४ च्या आवृत्तीत काढून टाकला, म्हणजे ओळख वेगळी आणि जोडणी वेगळी. हे योग्यच झालं. २०२२ ला काही रशियन बँकांना ‘स्विफ्टमधून काढलं’ तेव्हा तोडली ती जोडणी. पण कोडांची नोंदणी अजूनही नेटवर्क चालवणाऱ्या त्याच संस्थेकडे आहे, मग लोकांनी दोन्ही एकच समजले तर त्यांचं काय चुकलं?

युरोपात २०१६ पासून युरो पाठवताना ग्राहकाला बीआयसी द्यावा लागत नाही, आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते नंबर) पुरतो. आपल्याकडे आयबॅन नाही, म्हणून खाते नंबरासोबत स्विफ्ट कोड लागतोच. वर स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा आणि देशातल्या देशात पैसे पाठवायचा आयएफएससीही ११ अक्षरांचा! ओळखायचं पाचव्या जागेवरून, तिथे शून्य असेल तर आयएफएससी, आणि पाचवं-सहावं मिळून आयएन, म्हणजे इंडिया, असेल तर स्विफ्ट कोड. तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा कोड नसतो, शहरातल्या फॉरेक्स शाखेचा किंवा मुख्य ऑफिसचा टाकावा लागतो, आणि मुंबईच्या कितीतरी कोडांत आयएनच्या पुढे अजून बॉम्बेच्या काळातलं बीबीच आहे.