सिरॅमिकला कवच का लागलं?

गॅस टर्बाइनच्या तापणाऱ्या भागांसाठीच्या सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकला वेगळ्या लेपाची गरज नाही, असं बराच काळ मानलं जायचं. कोरड्या हवेपुरतं ते खरंही आहे. तापलं की पृष्ठभागावर सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) पातळ थर आपोआप धरतो आणि ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. गॅस टर्बाइनमध्ये मात्र इंधनाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ होतेच, साधारण ५ ते १० टक्के. १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास ही वाफ सिलिकाचं वायुरूप हायड्रॉक्साइड करते आणि झोताबरोबर ते उडून जातं. खालून नवा थर धरतो, तोही जातो, आणि भाग झिजत राहतो.

गंमत म्हणजे पहिला लेप या वाफेसाठी नव्हताच. तो होता वितळलेल्या सोडियम सल्फेट या क्षारापासून वाचण्यासाठी. त्यासाठी मुलाइट (अॅल्युमिना आणि सिलिका यांचं सिरॅमिक) निवडलं, कारण तापल्यावर ते जवळपास सिलिकॉन कार्बाइडइतकंच प्रसरण पावतं. पण प्लाझ्मा फवारणीत (अतितप्त झोतात पूड वितळवून ती फवारताना) थेंब इतक्या झटकन थिजत, की स्फटिक व्हायला वेळच मिळत नसे. पुढे वापरात ते स्फटिक होताना लेप आकसायचा आणि तडकायचा. नासाच्या संशोधकांनी फवारतानाच भाग १००० अंशांवर तापता ठेवून हे आटोक्यात आणलं. तरी वाफ मुलाइटमधला सिलिका ओढून न्यायचीच. वर झिर्कोनिया हे दुसरं सिरॅमिक चढवून पाहिलं, तर त्याचं प्रसरण सिलिकॉन कार्बाइडच्या जवळपास दुप्पट.

१९९०च्या दशकात सिलिकॉनच्या अस्तरावर बेरियम-स्ट्रॉन्शियम अल्युमिनोसिलिकेट या सिरॅमिकचा लेप आला. सोलर टर्बाइन्सच्या औद्योगिक टर्बाइनमध्ये लेपाविना ज्वलनकक्षाचं सिलिकॉन कार्बाइडचं आतलं आवरण सुमारे ५,००० तास टिकलं होतं. लेपासह ते जवळपास १४,००० तासांवर गेलं. माझ्या मते या क्षेत्राला खरा विश्वास इथे मिळाला. पण १३०० अंशांच्या आसपास हा लेप सिलिकाशी मिसळून काचेसारखा वितळू लागतो. मग यटर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंची सिलिकेटं पुढे आली.

२०१६ मध्ये लीप या जेट इंजिनातून सिरॅमिक कंपोझिट (तंतूंनी मजबूत केलेलं सिलिकॉन कार्बाइड) प्रवासी विमानांत पोचलं, आणि टिकाऊपणाचा प्रश्न आणखी टोकदार झाला. वाळू किंवा ज्वालामुखीची राख वितळून लेपात मुरते, हा एक धोका. दुसरा आतला: वाफ लेपातून झिरपते आणि सिलिकॉनच्या अस्तरावर क्रिस्टोबॅलाइट हा सिलिकाचा स्फटिक वाढतो. इंजिन थंड होताना २२० अंशांच्या आसपास त्याचं स्फटिकरूप बदलतं, तो आकसून तडकतो आणि वरचा शाबूत लेप पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून वाफेच्या भट्टीत नमुने पुन्हा पुन्हा तापवून-थंड करून तपासताना वरच्या झिजेइतकंच लक्ष या आतल्या थराच्या जाडीवर असतं.