गांधी डासाची, लाली नसांची

दादरला प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना मनगटावर डास चावतो, पाच मिनिटांत गांधी उठते आणि तिच्याभोवती बोट-दोन बोटं लाली पसरते. आता गांधी उठली ते कळतं, डासाची लाळ तिथेच गेली ना, पण लाली एवढी लांब कशी गेली, तिकडे तर डास बसलाच नव्हता!

हा घोळ बराच जुना आहे. 1876 मध्ये श्ट्रिकरने कुत्र्याच्या मणक्याजवळच्या संवेदनेच्या नसा (म्हणजे मज्जातंतू, रक्ताच्या नव्हेत) चेतवल्या तर पायातलं रक्त वाढलं, पण बऱ्याच लोकांना ते पटेना, कारण संवेदनेची नस खबर आत नेते, बाहेर कशी आणेल? म्हणजे अप लाइनवर डाऊन गाडी. 1901 ला लंडनच्या बेलिसने तेच नीट दाखवून दिलं. मग 1927 मध्ये थॉमस लुईसने माणसाच्या कातडीवर सगळं बारकाईने लिहून काढलं: ओरखडा काढला की आधी लाल रेघ, मग पसरणारी लाली, मग गांधी. नस कापून काही दिवस गेले, ती पार मेली, की रेघ आणि गांधी येतात, लाली मात्र येत नाही. म्हणजे लाली नसांचीच.

पण नस सोडते काय? 1931 ला फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात एक पदार्थ सापडला, नाव पडलं सबस्टन्स पी, आणि पी म्हणजे निव्वळ पावडर बरं का, एवढंच डोकं लावलेलं! पुढे जवळजवळ 40 वर्षं त्याची रचना कुणाला माहीत नव्हती. सुझन लीमन गाईच्या मेंदूत भलतंच हार्मोन शोधत होत्या, तो अर्क टोचल्यावर उंदरांना लाळ सुटायला लागली, आणि त्यातून 1970-71 मध्ये 11 अमिनो आम्लांचा हा न्यूरोपेप्टाइड (नसांमधून सुटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी) हाती लागला. तिकडे हंगेरीत यान्चोंनी मिरचीतलं कॅप्सेसिन देऊन देऊन प्राण्यांच्या नसा बधिर केल्या, तर मोहरीचं झणझणीत तेल लावूनही सूज येईना, म्हणजे तेलाने येणारी ती सूजही नसांचीच.

1985 ला कळलं की सीजीआरपी नावाचा दुसरा पेप्टाइड रक्तवाहिन्या जबरदस्त रुंद करतो. तेव्हा कामाची वाटणी साधारण अशी: लाली जास्त करून सीजीआरपीची, आणि सबस्टन्स पी बारीक शिरांच्या भिंती सैल करतो, त्यातून पाणी झिरपतं आणि सूज येते.

हे सगळं वडाळ्याहून जाताना आठवतं. तिथलं ॲक्वर्थ हॉस्पिटल 1890 पासून कुष्ठरोगाचं (ज्या ॲक्वर्थ साहेबाचं नाव आहे तो पालिकेचा कमिशनर, आणि मराठी पोवाडे गोळा करणारा, हे कितीजणांना माहितीये?). कुष्ठरोगात कातडीतल्या बारीक नसा मरतात. लहान मुलाला चट्ट्यावर स्पर्श कळतो का ते धड सांगता येत नाही, मग डॉक्टर हिस्टामिनचा (गांधी उठवणारं रसायन) एक थेंब ठेवून त्यातून सुई हलकीच टोचायचे. धडक्या कातडीवर मिनिट-दोन मिनिटांत लाली पसरते, चट्ट्यावर नुसती गांधी उठते, भोवती काहीच नाही.